गिरणगावातले पटांगण आणि रक्तातली साखर

लालबाग-परळमधले साठी ओलांडलेले रुग्ण मधुमेहाच्या तपासणीला आले की मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. चौदा-पंधरा वर्षांचे असताना संध्याकाळी कुठे असायचात? उत्तर बहुधा ठरलेले असते: चाळीच्या पटांगणात, नाहीतर कबड्डीला. सोबत नातू आलेला असला तर तोच प्रश्न त्यालाही विचारतो. तो आजीकडे बघतो आणि आजी सांगते, "क्लासला असतो हो."

आजोबांची पिढी घराबाहेर खेळायची यात शिस्तीपेक्षा नाइलाज जास्त होता. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, शिवाय रात्रपाळी करून आलेला कुणीतरी झोपलेला असे. मुलांना घरात बसायला जागाच नसायची. मग लगोरी, लंगडी, विटीदांडू. जरा मोठे झाल्यावर व्यायामशाळा किंवा कबड्डीचा संघ. दादरला महापालिकेने १९२५ मध्ये मोठे मैदान खुले केले आणि १९२७ मध्ये त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. तिथल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापनाही १९२५ चीच. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये याच शिवाजी पार्कवर झाली.

जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले कामगार आणि क्षयाने भरलेले शिवडीचे रुग्णालय हाही त्याच काळाचा भाग आहे. पण एक गोष्ट त्या मुलांना फुकट मिळाली, आणि ती नेमक्या वयात मिळाली.

ते वय महत्त्वाचे का, हे समजून घ्या. वयात येताना वाढीचे हार्मोन जोरात असते आणि त्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. हा प्रतिसाद साधारण ३० टक्क्यांनी घटतो. हा आजार नव्हे; प्रत्येक मुलामुलीत हे घडते आणि वाढ पूर्ण होताना बहुतेकांत पूर्ववत होते. तोवर स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून वेळ मारून नेते. त्याच वर्षांत पोटावर चरबी साठली आणि हालचाल थांबली, तर स्वादुपिंडावर दुहेरी ओझे पडते. उलट स्नायू आकुंचन पावतात तेव्हा रक्तातली साखर आत घेण्याचे त्यांचे दरवाजे इन्सुलिनशिवायही उघडतात. तासभर खेळल्याचा फायदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. म्हणूनच रविवारी एकदाच तीन तास खेळण्यापेक्षा रोजचा एक तास बरा.

"पण आमचा मुलगा तर बारीक आहे," असे तुम्ही म्हणाल. परळच्या केईएमचे नाव तुम्हाला ठाऊक आहे; त्याच नावाचे एक रुग्णालय पुण्यातही आहे. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा असा फसवतो. बारीक दिसणाऱ्या मुलातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि स्नायू वापरल्याशिवाय वाढत नाहीत.

आता पटांगणांचे काय झाले ते पाहू. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत. मागे उरली जवळपास ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा मैदाने-बागांसाठी शहराला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची करायची, बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे मुळात शेड आणि इमारती; मोकळी जागा ती किती असणार? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्या जमिनींवर आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. कायद्याची बाजू कायदेतज्ज्ञ जाणोत. माझ्यासारख्या डॉक्टरला त्यात न झालेली मैदाने दिसतात.

१९७० च्या दशकातल्या आयसीएमआरच्या पाहणीत शहरी भारतात मधुमेहाचे प्रमाण २.१ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरांत ते १६.४ टक्के आढळले. दोन्ही वेळच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि आहार, वय, ताण ही कारणेही आहेतच. सगळा दोष मैदानांवर टाकू नका. तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचा खेळ पटांगण असतानाही पाळी सुरू झाली की थांबायचा आणि पुष्कळ घरांत आजही थांबतो. पुढे गरोदरपणात मधुमेह झाला तर धोका बाळापर्यंत जातो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते, ती मुलींनाही तितकीच लागू आहे. मैदान जवळ नसेल तर दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, जिने, शाळेपर्यंत चालत जाणे हे सगळे त्यात धरा. दहावीचे वर्षही याला अपवाद नाही.

एक गोष्ट आज घरी पाहून घ्या. मुलाच्या मानेमागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का? आया तो मळ समजून घासत राहतात आणि मुलाला बोलणी बसतात. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. तसे दिसले, किंवा वजन जास्त असून घरात कुणाला मधुमेह असेल, तर दहाव्या वर्षानंतर किंवा वयात येऊ लागल्यावर त्याची साखर एकदा तपासून घ्या.