कोलामी : शेजार आणि सोयरीक

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत, कोलामांच्या पोडांवर बोलली जाणारी कोलामी म्हणजे तेलुगू आणि गोंडी यांची भेसळ, असे सांगणारे अजूनही भेटतात. शेजार पाहता हा समज स्वाभाविक आहे. भोवती मराठी, लगतच्या पाड्यांत गोंडी, तांड्यांवर बंजारा बोली आणि पैनगंगेपलीकडे तेलुगू. मात्र शेजार म्हणजे सोयरीक नव्हे.

कोलामीत एक ते चार हे अंक तिचे स्वतःचे आहेत : ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग. पाचापासून दहापर्यंतचे अंक मात्र तेलुगूतून आले. चारापुढचा हिशेब बाजारात करावा लागला असावा आणि बाजाराची भाषा तेलुगू होती, असे मला वाटते. पण याच अंकांवरून कोलामीला तेलुगूची पोटभाषा ठरवणे चुकीचे. ‘कान’ याला तेलुगूत ‘चेवि’, कन्नडमध्ये ‘किवि’, तर कोलामीत ‘केव’ म्हणतात. तेलुगूने ज्या ‘क’चा ‘च’ केला, तो कोलामीने जपला आहे. उसने घेतलेल्या भाषेत हे घडले नसते. अभ्यासक तिला मध्य द्राविड शाखेत ठेवतात. तिची सख्खी नाती नाईकी, बस्तरची परजी आणि त्याहून पूर्वेची गदबा यांच्याशी आहेत. दाराशी असलेली गोंडी मात्र तेलुगूच्या शाखेत मोडते.

भाषेला जातीवरून नाव दिल्याने होणारा घोटाळाही याच जिल्ह्यात दिसतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात पुसदकडील ‘भिलां’ची बोली येते. नावावरून ती आर्यकुळातली भिली वाटावी. प्रत्यक्षात ती कोलामीचीच बहीण निघाली!

व्याकरणेही नदीच्या दोन बाजूंची. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपल्याला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० साली आदिलाबादकडील कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मरे एमेनो यांचा १९५५ चा ग्रंथ वर्ध्याच्या बोलीवर आधारलेला आहे. त्यानंतर वर्षभरातच राज्यपुनर्रचना झाली. पैनगंगेच्या उत्तरेकडील कोलामांची मुले मराठी शाळेत गेली, दक्षिणेकडील तेलुगू शाळेत. पाचाच्या पुढे कोणत्या भाषेत मोजायचे, हे आता बाजाराबरोबर शाळाही ठरवू लागली.