कुसात्सूचं गरम पाणी: कर्म आणि करुणा

मागच्या वेळी आपण कर्मसिद्धांताची चर्चा ग्रंथांच्या आधारे केली. शेवटी श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं होतं, की हा सिद्धांत ग्रंथातून निघून समाजात उतरला की त्याचं काय होतं? प्रश्न फार चांगला होता आणि त्याला एका वाक्यात उत्तर नव्हतं. म्हणून आज आपण एका गावाचा इतिहास पाहू. गाव जपानमधलं आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवरा-बायको कुसात्सू इथं दोन रात्री मुक्कामाला होतो. तोक्योच्या वायव्येला गुन्मा नावाचा प्रांत आहे. तिथं सुमारे १२०० मीटर उंचीवर हे गाव वसलेलं आहे. गावाच्या मधोमध झरा उसळतो. त्याचं पाणी लाकडी पन्हळींतून वाहवत थोडं थंड करतात. या जागेला युबाताके म्हणतात, म्हणजे ‘गरम पाण्याचं शेत’. वाफ आणि गंधकाचा वास सगळ्या गल्ल्यांतून भरलेला असतो. झऱ्यापासून दगडी पायऱ्या चढून गेलं की कोसेन्जी हे बौद्ध मंदिर लागतं. आमचा ऱ्योकान, म्हणजे जुन्या पद्धतीची खाणावळीसह धर्मशाळा म्हणा, या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर होता.

ऱ्योकानात शिरताना जोडे दारात काढायचे. खोलीत तातामीच्या चटया, आणि अंगात घालायला युकाता नावाचा सुती झगा. त्याची उजवी बाजू आत आणि डावी वर घ्यायची असते. आमची घडी उलटी बसली होती. मालकीणबाई लगबगीनं आल्या आणि त्यांनी हसत हसत ती सरळ करून दिली. उलटी घडी तिथं फक्त मृताला नेसवताना घालतात! मग स्नानघर. आधी छोट्या बाकड्यावर बसून अंग साबणानं स्वच्छ धुवायचं आणि मगच सगळ्यांच्या सामायिक कुंडात उतरायचं. कुंडात कपडे नाहीत, दागिने नाहीत. शेजारी कंपनीचा साहेब बसलाय की शेतकरी, ते कळायला मार्ग नाही. पहिल्या रात्री त्या पाण्यात बसून आम्हाला वाटलं, की समता समता म्हणतात ती हीच असावी.

पण इतिहासाच्या अभ्यासात पहिल्या रात्रीच्या मतावर थांबता येत नाही.

कोसेन्जीची मुख्य देवता आहे याकुशी न्योराई. हा आपला भैषज्यगुरू बुद्ध, वैद्यराज. जपानमध्ये गरम झऱ्यांच्या गावी बऱ्याचदा याकुशीचंच मंदिर सापडतं. तिथं औषधी पाणी आणि वैद्य-बुद्ध यांची जोडी जुनी आहे. कुसात्सूचा झरा ग्योकी या आठव्या शतकातल्या भिक्षूनं शोधला अशी आख्यायिका सांगतात. त्याच काळातल्या सम्राज्ञी कोम्यो यांची कथा तर फार प्रसिद्ध आहे. त्यांनी नारा इथं स्नानघर बांधलं आणि एक हजार गरिबांना स्वतःच्या हातांनी न्हाऊ घालण्याचं व्रत घेतलं. हजारावा आला तो महारोगी. जखमा चिघळलेल्या. त्यानं मागणं केलं, की माझ्या जखमेतला पू तोंडानं ओढून काढा. सम्राज्ञींनी तेही केलं, तेव्हा तो तेजानं उजळला. तो अक्षोभ्य बुद्ध होता. कथा घडली की नाही हा प्रश्न इथं गौण आहे. धर्मानं आदर्श म्हणून समाजापुढं काय ठेवलं, हे तिच्यातून कळतं.

आता दुसरी बाजू. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या अखेरच्या प्रकरणात असं येतं, की या सूत्राच्या उपासकाची निंदा करणाऱ्याला महारोग जडतो. जपानी समाजात या रोगाला ‘गोब्यो’ असं नावच पडलं. गोब्यो म्हणजे कर्मव्याधी. म्हणजे एकाच धर्मानं एका हातानं रोग्याला न्हाऊ घातलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावर पूर्वजन्मीच्या पापाचा शिक्का मारला. आपल्याला हे काही परकं नाही. ‘कुठल्या जन्मीचं पाप फेडतोय’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी कानांनी ऐकलेलं आहे.

कुसात्सूचं पाणी अतिशय आम्लयुक्त. लोखंडी खिळा त्यात ठेवला तर काही दिवसांत झिजून जातो. त्वचारोगावर ते गुणकारी अशी ख्याती असल्यामुळे देशभरातून महारोगी तिथं येऊन राहत. हे रोगी एरवीच्या पाहुण्यांसोबतच गावात असत. मग १८८७ साली त्यांना झऱ्याजवळच्या मध्यवस्तीतून हलवून गावाच्या खालच्या अंगाला, युनोसावा इथं बसवण्यात आलं. इथं आपण सावध राहिलं पाहिजे. जुना काळ सोन्याचा होता असं नाही, हे हलवणंसुद्धा दूर लोटणंच होतं. पण युनोसावात एक विलक्षण गोष्ट घडली. रोग्यांनी स्वतःची वस्ती उभी केली. घरं, दुकानं, खाणावळी, लग्नं, संसार. १९१६ मध्ये मेरी कॉर्नवॉल ली ही साठीला टेकलेली इंग्रज बाई तिथं येऊन राहिली. तिनं दवाखाना, शाळा सुरू केली. पुढे वस्ती आठशेच्या घरात गेली. रोगी असूनही माणूस म्हणून जगण्याची ती जागा होती.

दरम्यान विज्ञान पुढं गेलं होतं. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला. आता कर्मव्याधीची कल्पना गळून पडायला हवी होती की नाही? झालं उलटं. जपाननं १९०७ मध्ये पहिला कायदा केला तो भटक्या रोग्यांसाठी, आणि १९३१ मध्ये सगळ्याच रोग्यांना सक्तीनं वेगळं ठेवण्याचा कायदा आणला. १९३२ मध्ये कुसात्सूजवळ सरकारी संस्था निघाली, कुरियु राकुसेनएन. ‘राकुसेन’ म्हणजे आनंदाचा झरा! युनोसावातली माणसं हळूहळू तिकडे नेली गेली आणि १९४०च्या दशकाच्या आरंभी ती वस्ती मोडली.

या आनंदाच्या झऱ्याच्या आवारात १९३८ मध्ये एक इमारत उभी राहिली. कागदोपत्री नाव ‘विशेष रुग्णखोली’. प्रत्यक्षात ती कोठडी होती. देशभरातल्या संस्थांमधून ‘बंडखोर’ ठरवलेले रोगी तिथं धाडत. खटला नाही, न्यायाधीश नाही. डोंगरातली कडाक्याची थंडी, खोलीत शेकोटी नाही, अन्न अपुरं. १९४७ पर्यंत ९३ जणांना तिथं कोंडलं, त्यांतले २३ मेले. इतर संस्थांमध्ये ‘कुसात्सूला पाठवू’ ही धमकी झाली. मंडळी, जरा थांबून विचार करा. शतकानुशतकं ज्या गावाचं नाव रोगी आशेनं घेत होते, ते नाव रोग्यालाच भीती घालायला वापरलं गेलं.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं यातून काय घ्यायचं? सगळा दोष कर्मसिद्धांतावर टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कोठडी बांधणारे लोक कर्माचं नाव घेत नव्हते, ते आरोग्याचं आणि राष्ट्राचं नाव घेत होते. डागाचं नाव बदललं, डाग तोच राहिला. आमच्या मते मुद्दा असा आहे. कर्माचा विचार माणूस स्वतःबद्दल करतो तेव्हा ती जबाबदारी असते. तोच विचार तो दुसऱ्याच्या दुःखाबद्दल करतो तेव्हा तो निवाडा होतो. बुद्धांनी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. बाण कुणी मारला, कुठल्या जातीच्या माणसानं मारला, याची चौकशी करत बसाल तर तो मरेल. आधी बाण काढा. पायऱ्यांवरचा भैषज्यगुरू तेच सांगत होता. खाली गावात, आणि पुढे सरकारी कचेरीत, मात्र चौकशीच चालू राहिली.

औषध १९४०च्या दशकातच आलं. तरी जपानचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयानं सक्तीचं विलगीकरण घटनाबाह्य ठरवलं आणि सरकारनं माफी मागितली. आता संपलं असं वाटेल. पण २००३ मध्ये त्याच कुमामोतो प्रांतातल्या एका गरम झऱ्याच्या हॉटेलानं बरे झालेल्या वृद्ध रुग्णांना खोल्या नाकारल्या. कारण काय, तर इतर पाहुण्यांची गैरसोय होईल. आणि ही गोष्ट बाहेर फुटल्यावर शिव्यांची पत्रं आली ती त्या वृद्धांनाच. सम्राज्ञी कोम्योंची गोष्ट माहीत असलेल्याच देशात हे घडलं.

आपणही फार मान वर करू नये. इंग्रजांनी १८९८ मध्ये केलेला महारोग्यांचा कायदा आपण २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत होतं. आनंदवन आपल्याकडे १९४९ पासूनचं, त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण ते ‘वन’ वसवायची वेळ का आली, हा प्रश्नही सोबत ठेवावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कोठडीचं संग्रहालय पाहिलं. २०१४ मध्ये ते उघडलं. तिथं खोलीची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, आत वाकून शिरावं लागतं. आमच्या पत्नी आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पुन्हा ऱ्योकानच्या कुंडात उतरलो. पाणी तेच होतं, छान गरम. पण ‘इथं सगळे समान’ हे आदल्या रात्रीचं वाक्य पुन्हा म्हणवेना. कुंडात बसलेले समान असतातच. समतेची परीक्षा कुंडाबाहेर, ऱ्योकानच्या दारात होते. कुणाला आत घ्यायचं हे तिथं ठरतं.

आज इथंच थांबू. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.