हातावरचे प्लास्टर

मनगट मोडून हात झोळीत अडकवून बसलेल्या मनुष्याच्या नशिबी जो पांढरा, जड आणि आतून खाजणारा वेढा येतो, त्याचे कुळ शोधू गेल्यास आपण डच फौजेच्या एका इस्पितळात जाऊन पोहोचतो. १८५१ साली हार्लेम येथे आंतोनियस माथेइसन या लष्करी शल्यवैद्याने भाजलेल्या जिप्समचे चूर्ण सुती कापडाच्या पट्ट्यांत घोळवले, त्या भिजवून मोडक्या अवयवाभोवती गुंडाळल्या, आणि पाहता पाहता त्या दगडासारख्या घट्ट झाल्या. त्यापूर्वी बेल्जियमच्या स्युतँ याची खळीची पट्टी प्रचारात होती, परंतु ती वाळायला दोन-तीन दिवस लागत आणि रणांगणावरच्या जखमीला तेवढी मुदत कोण देणार? पुढे सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात रशियन शल्यवैद्य पिरोगोव्ह याने प्लास्टरचा सढळ वापर केला व कित्येकांचे हातपाय कापण्यापासून वाचवले.

आमच्याकडे सुश्रुताने वड, उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली आणि वेळूच्या कामट्या यांना ‘कुश’ म्हणून मोडके हाड धरून ठेवण्याचा हाच अधिकार दिला होता. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही आणि आवळल्यास सूज, वेदना व पाक होतो, हे सांगून तो थांबला नाही. थंडीत सात, समऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधण्याचा दस्तुर त्याने घालून दिला. मोडलेल्या तळहातासाठी तर त्याचा उपाय मला फारच मार्मिक वाटतो: आधी शेणाचा गोळा, मग मातीचा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावयाचा. हात जखडून ठेवण्याइतकेच त्याला पुन्हा कामाला लावणेही वैद्याचे कर्तव्य आहे, हे त्याने पुरते ओळखले होते.

युरोपास हा धडा महागात पडला. अतिघट्ट बंधाने रक्त कोंडून स्नायू मरतात आणि हाताची कायमची नखी होते, हे हाले येथील फोल्कमान याने १८८१ साली लिहून ठेवले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बील गावी शल्यवैद्यांचा जो संघ स्थापन झाला, त्याने धातूची पट्टी व स्क्रूंनी हाड आतूनच पक्के धरून सांधे लवकर हलवण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून शस्त्रक्रिया झालेल्या मनगटावरचे प्लास्टर मालकाच्या गादीवरून उतरून राखणदाराच्या चाकरीस लागले. जखम व सूज सावरेपर्यंत बहुधा थोडे दिवसच ते राहते, आणि त्याची कड तळहाताच्या आडव्या रेषेआड ठेवतात, म्हणजे बोटांची मूठ वळते.

तरी ते अंगावर असेतो बोटे हलवीत राहावीत, हात छातीच्या वर धरावा, आणि बोटे निळी वा बधिर पडली अथवा वेदना वाढतच गेली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.