मुलकी आणि गैरमुलकी

आपल्या मुलखातील चाकरी आपल्याच माणसास मिळावी, ही मागणी दिसावयास मोठी सोपी आहे. परंतु ‘आपले’ कोण, हे ठरवावयास बसले म्हणजे तिची खरी कठीणता कळून येते. नांदेड आणि लातूर ही गावे १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होती, तेथे या प्रश्नाने जवळजवळ शंभर वर्षे घर केले होते. संस्थानात जन्मलेला तो मुलकी आणि बाहेरून आलेला तो गैरमुलकी, अशी ही विभागणी होती.

तिचा उगम पहिल्या सालारजंगांच्या कारभारात सापडतो. १८५३ पासून १८८३ पर्यंत ते दिवाण होते. मोडकळीस आलेला कारभार नव्या धर्तीवर उभारण्यासाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून सुशिक्षित अंमलदार आणविले. महसूल, न्याय, शिक्षण ही खाती त्यामुळे सुधारली, यात संशय नाही. पण पाहुणा म्हणून आलेला अंमलदार घरधनी होऊन बसला आणि त्याच्यामागून त्याचे आप्तेष्टही आले, अशी तक्रार लवकरच सुरू झाली. अखेर १९१९ साली मुलकी नियम निश्चित झाले. सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक ठरले. बाहेरच्या माणसास मुलकी व्हावयाचे असेल, तर पंधरा वर्षांचा कायम रहिवास हवा आणि पूर्वीच्या गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्रही हवे, अशी अट होती.

या नियमाचा लाभ नांदेडच्या मराठी तरुणास किती झाला? जन्माने तो निखालस मुलकी होता. परंतु १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच होते. नियमाने उघडलेले दार भाषेने लावून घेतले. आपल्याच मुलखात तो एका अर्थी गैरमुलकी ठरला. १९३५ च्या सुमारास ‘हैदराबाद हैदराबादवासीयांसाठी’ ही घोषणा राजधानीत दुमदुमली, तेव्हाही मराठवाड्यातील सुशिक्षितांचे मुख्य गाऱ्हाणे मातृभाषेतील शिक्षणाचेच होते.

बाजारपेठेत मात्र निराळेच चित्र दिसे. १९०० साली मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग नांदेडवरून सुरू झाला. १९११ साली बार्शीची लहान गाडी लातुरास पोहोचली. त्यांच्या वाटेने परमुलखातील व्यापारी आले. कापूस, भुईमूग, डाळी यांची उलाढाल वाढली आणि हमालास, तोलाऱ्यास, गाडीवानास काम मिळाले. आडतीवर कोणी मुलकीचा दाखला मागितला नाही. येणारा माणूस भांडवल आणि धंदा घेऊन आला, तर तो कामाच्या जागा वाढवितो. कचेरीतील खुर्च्या मात्र मोजक्याच असतात. तेथे एक बसला की दुसरा उभा राहतो. ज्या प्रदेशात गिरण्या थोड्या आणि शेती पावसाच्या भरवशावर, तेथे त्या मोजक्या खुर्च्यांसाठीच सारा कलह माजावा, हे ओघानेच आले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि शेजारच्या प्रांतांतून अंमलदार व कारकून येऊ लागले. पंधरा वर्षांचा रहिवास नसतानाही खोटे मुलकी दाखले मिळवून लोक नोकरीत शिरतात, हा आरोप गाजू लागला. कायद्याची भिंत जेवढी उंच, तेवढा खोट्या कागदाचा भाव चढा, असाच हा प्रकार होता. १९५२ च्या पावसाळ्यात वरंगळच्या विद्यार्थ्यांनी चळवळ आरंभिली. सप्टेंबरात हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली.

याच काळाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजची स्थापना १९५० साली ज्यांच्या प्रेरणेने झाली, ते स्वामी रामानंद तीर्थ संस्थानाबाहेर, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मले होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून ते आले आणि मराठवाड्याचेच होऊन गेले. जन्मस्थळाच्या कसोटीवर हा माणूस परका. कार्याच्या कसोटीवर त्याच्याहून जवळचा कोण?

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांत वाटा देण्याचे वचन दिले होते. पुढे १९५७ च्या केंद्रीय कायद्याने नोकरीसाठी रहिवासाची अट काढून टाकण्याची तरतूद केली. तेलंगणासारख्या काही प्रदेशांना त्यात सवलत होती, मराठवाड्यास नव्हती. जुनी भिंत गेली, नव्या वचनाची पूर्ती रेंगाळली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांचा प्रश्न पुन्हा अग्रभागी आला, तो याच कारणाने.

आज मुखेड, कंधार, जळकोटकडील कुटुंबे पुण्याच्या बांधकामांवर नि हैदराबादच्या बाजारात रोजगार शोधतात. तेथे त्यांच्याकडेही परका म्हणून पाहणारे डोळे असतात. ज्याच्या पूर्वजांनी आपल्या दारी मुलकीचा दाखला मागितला, त्याच्याच नातवाला दुसऱ्याच्या दारी तो दाखवावा लागावा, हा काळाचा न्याय मोठा विलक्षण आहे. दाखल्याने रांगेतील क्रम बदलतो. रांग काही आखूड होत नाही. ती आखूड करावयाची, तर गावातच पाणी, शिक्षण आणि उद्योग यांची सोय व्हावी लागते.