बांधावरचं गवत
आमच्या सोलापूर जिल्ह्यात बांध दोन तऱ्हेचे: एक भावकीच्या वाटणीचा, दुसरा सरकारी. मुंबई इलाख्याच्या १९४२च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर समतल रेषेवर बांध पडू लागले. ही रेषा उताराची; ती सातबाऱ्याची हद्द कशी पाळणार? आजोबांचा त्यावर कायम राग. शिवाय भारी काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही. बांधाला तुंबून ज्वारी पिवळी पडायची, आणि माती भेगाळली की बांधच फुटायचा. मुरमाड रानातला मात्र टिकला, तोही गवतामुळे. मारवेल, पवन्या लावला की मुळं माती धरतात, शिवाय बैलांना वैरण. कुंदा नको, तो पिकात शिरतो. बाभळीची सावली ज्वारीला बाधायची, तरी औताच्या लाकडासाठी आजोबा तिला कुऱ्हाड लावू देत नसत.