खापर कोणाच्या डोक्यावर?

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत फुटबॉलवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही त्या खेळाचे जाणकार नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि रद्दीवाल्याकडून. परंतु गेल्या तीस वर्षांत एक गोष्ट आम्ही फार जवळून पाहिली आहे, ती म्हणजे थोडक्यात हरलेली माणसे दुसऱ्या दिवशी काय बोलतात.

संप मोडला की गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर चर्चा सुरू होते. सपशेल हार झाली असेल तर लोक मुकाट्याने घरी जातात; पण आणखी दोन दिवस तग धरला असता तर जिंकलो असतो, अशी हार असली की बोलणे संपता संपत नाही. कोण वाटाघाटीत नरमला, कोणते खाते आधी कामावर गेले, कोणी वर्गणी दिली नाही, सगळे निघते. तासाभरात एक नाव पुढे येते. आणि गंमत अशी की, नाव सापडले की चर्चा थांबते. विचार करण्याचे काम आता उरलेले नसते.

हीच चर्चा एका अख्ख्या देशाने पन्नास वर्षे केली. तो देश ब्राझील, आणि ती हार १६ जुलै १९५० ची. तिचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

त्या वर्षीची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये होती. तिच्यासाठी रिओ द जानेरो शहरात माराकाना नावाचे प्रचंड मैदान बांधले होते. ऑगस्ट १९४८ मध्ये काम सुरू झाले आणि जून १९५० मध्ये मैदान खुले झाले. शेवटची फेरी चार संघांची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळविले. उरुग्वेने स्पेनशी २-२ अशी बरोबरी केली आणि स्वीडनला ३-२ असे कसेबसे हरविले. शेवटच्या सामन्यात ब्राझीलला नुसती बरोबरी पुरे होती. पाच कोटींचा देश एकीकडे आणि पंचवीस लाखांच्या आतला दुसरीकडे. त्या दिवशी तिकीट काढून आत आलेल्यांची अधिकृत संख्याच १,७३,८५० होती; प्रत्यक्षात माणसे त्याहून बरीच अधिक असावीत. वर्तमानपत्रांनी सामन्याआधीच ब्राझीलच्या खेळाडूंची चित्रे जगज्जेते म्हणून छापली होती. शहराच्या प्रमुखांनी मैदानावर भाषण करून त्यांना विजेते ठरवूनही टाकले.

या स्पर्धेत खरे म्हणजे आपणही असावयाचे. भारताला प्रवेश मिळाला होता, गटही ठरला होता : स्वीडन, इटली आणि पराग्वे. आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेलो नाही, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. प्रत्यक्षात आपल्या फुटबॉल महासंघाने संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणे दिली होती. सांगायला सोपी गोष्ट खऱ्या अडचणीवर कसे पांघरूण घालते, त्याचा हा घरचा नमुना. तो ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता सामना. उत्तरार्धाच्या आरंभीच फ्रियासाने गोल केला आणि ब्राझील १-० असे पुढे गेले. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा उजव्या बगलेचा खेळाडू गिजिया याने ब्राझीलच्या बिगोदेला मागे टाकले आणि चेंडू गोलासमोर दिला. स्कियाफिनोने तो आत मारला. १-१. तरीही चषक ब्राझीलचाच होता. ७९ व्या मिनिटाला गिजिया पुन्हा त्याच वाटेने आला, बिगोदे पुन्हा मागे पडला. गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याला वाटले, मघासारखाच हा चेंडू मध्ये देणार, म्हणून तो किंचित पुढे सरकला. गिजियाने मध्ये दिला नाही. बार्बोझा आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून त्याने सरळ गोल मारला. २-१. अकरा मिनिटे उरली होती, त्यांत काही घडले नाही. चषक द्यावयास आलेले झ्यूल रिमे यांनी यजमानांच्या भाषेत भाषण तयार ठेविले होते. ते खिशातच राहिले, आणि गर्दीत उरुग्वेचा कप्तान शोधून त्यांना चषक त्याच्या हाती द्यावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून टपरीवरची चर्चा सुरू झाली, आणि तीन नावे निघाली : गोलरक्षक बार्बोझा, दोनदा मागे पडलेला बिगोदे, आणि त्याच्या मदतीला वेळेवर न पोचलेला बचावपटू जुवेनाल. बार्बोझाचे हात चुकले, बिगोदेची छाती चुकली, जुवेनालचे पाय चुकले. उरुग्वेच्या कप्तानाने बिगोदेला थप्पड मारली आणि तो भेदरला, अशीही कथा पसरली. पुढे दोघांनीही तसे काही घडले नसल्याचे सांगितले.

हे तिघेही काळे होते. हा योगायोग समजू नका. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ मध्ये. खेळ आरंभी धनिकांच्या क्लबांचा होता. १९२३ साली रिओच्या स्पर्धेत वास्को द गामा क्लबने काळ्या आणि कष्टकरी खेळाडूंच्या बळावर अजिंक्यपद मिळविले, तेव्हा पुढच्याच वर्षी मोठ्या क्लबांनी निराळी संघटना काढली आणि वास्कोला सांगितले की, तुमचे बारा खेळाडू काढा, मग आत या. वास्कोने पत्र लिहून साफ नकार दिला. बार्बोझा याच वास्कोचा गोलरक्षक. म्हणजे ज्या दारातून तो आत आला होता ते दार उघडून पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. जिंकत होते तोवर सारे ब्राझीलचे पुत्र होते. हरल्याबरोबर काळे काळे झाले. मारियो फिल्यो या पत्रकाराने ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळ्या माणसांवर १९४७ साली पुस्तक लिहिले होते; १९६४ च्या आवृत्तीत त्याने ही गोष्ट स्पष्ट नोंदविली. आज माराकाना मैदानाला अधिकृत नाव आहे ते याच पत्रकाराचे.

‘अहो, पण गोल त्यांच्यामुळेच झाले ना?’ असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो टाळत नाही. गिजिया त्या बाजूने दोनदा सुटला, ही संघाची दुबळी बाजू होती. हिशेबात ती मांडलीच पाहिजे. पण हिशेब तेवढ्यावर मिटविता येत नाही. बाकीच्या रकमाही पाहू.

पहिली रक्कम आधीच्या सामन्यांची. त्याच वर्षी मे महिन्यात हे दोन संघ तीनदा भिडले होते. पहिला सामना उरुग्वेने ४-३ असा जिंकला. उरलेले दोन ब्राझीलने ३-२ आणि १-० असे, म्हणजे एकेका गोलाने घेतले. ही बरोबरीची कुस्ती आहे, हे आकडे ओरडून सांगत होते. त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंडने ब्राझीलला २-२ असे रोखले होते. पण सात आणि सहा गोलांच्या आरोळीत हे आकडे कोणाला ऐकू आले नाहीत.

दुसरी रक्कम पुढच्या फळीची. अदेमीर हा स्पर्धेतला सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू. त्या दिवशी त्याला एकही गोल करता आला नाही. झिझिन्यो, जैर, सारे थोर खेळाडू. २-१ झाल्यावर उरलेल्या वेळात एक गोल पुरे होता, तो झाला नाही. बचाव चुकला तर दिसतो. चढाई अपुरी पडली तर ‘नशीब’ म्हणतात.

तिसरी रक्कम चालकांची. शेवटच्या सामन्याआधी संघाला शहराबाहेरच्या निवांत मुक्कामातून हलवून वास्कोच्या मैदानावर आणून ठेविले. ऑक्टोबरमध्ये निवडणुका होत्या. खेळाडूंबरोबर छायाचित्र काढून घेण्यास पुढाऱ्यांची रीघ लागली. विश्रांती कोणाची गेली आणि मते कोणाला हवी होती, हे सांगावयास नको. आणि पहिला गोल ज्या वाटेने झाला तीच वाट तेरा मिनिटांनी पुन्हा मोकळी सापडते, तर ती बुजविण्याची जबाबदारी एकट्या बिगोदेची की आखणी करणाऱ्याचीही? प्रशिक्षक फ्लाविओ कोस्ता याच्यावरही टीका झाली. पण पाच वर्षांनी राष्ट्रीय संघ पुन्हा त्याच्या हाती आला. बार्बोझाला १९५३ मध्ये देशाकडून एक सामना मिळाला, आणि तो शेवटचाच.

चौथी रक्कम समोरच्या संघाची. हरलेल्यांच्या चर्चेत ही हटकून राहून जाते. जणू समोर कोणी नव्हतेच! उरुग्वेने १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक पदके आणि १९३० चा पहिला विश्वचषक जिंकला होता. आणि येथे आमच्या व्यवसायाचा संबंध येतो. १९४८ च्या ऑक्टोबरात उरुग्वेच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंनी संप पुकारला. आपल्या संघटनेला मान्यता मिळावी आणि खेळाडूला क्लबने मालमत्तेसारखे वागवू नये, हा त्यांचा आग्रह होता. सुमारे सात महिने संप चालला. त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक होता ओब्दुलियो वारेला. माराकानावर चषक ज्याच्या हाती आला तोच कप्तान. १९४९ च्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत संपामुळे उरुग्वेने कच्चा संघ धाडला आणि ब्राझीलने तो ५-१ असा हरविला. त्या निकालावरून उरुग्वेची ताकद जोखणाऱ्याची फसगत ठरलेलीच होती.

आमच्या मते संपात मुरलेला हा माणूस मैदानावरही ओळखू येतो. ब्राझीलचा गोल झाला, मैदान दणाणले. वारेलाने चेंडू उचलला, सावकाश चालत पंचाकडे गेला आणि ऑफसाइड होता म्हणून वाद घालीत बसला. गोल रद्द होणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. गर्दीचा आवेश ओसरावा आणि आपल्या गड्यांना दम घेता यावा एवढाच हेतू होता, असे त्याने पुढे सांगितले. समोरचा पक्ष तापलेला असता बोलणे लांबवावे, हे वाटाघाटींत बसलेला प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. उरुग्वेचे खेळाडू सात महिने एकमेकांना धरून राहावयास शिकले होते. ब्राझील हरले ते काही अंशी यालाही हरले.

पाचवी रक्कम प्रेक्षकांची, म्हणजे आपली. दोन लाख कंठ १-० वर गर्जत होते. १-१ होताच मैदान चिडीचूप झाले. त्या शांततेने आपले पाय गळाले, असे ब्राझीलच्या खेळाडूंनी नंतर सांगितले. संघाला आवाजाची खरी गरज पडली तेव्हाच आवाज आटला. पण चर्चेत ही दुबळी बाजू कोण काढणार? चर्चा करणारे तेच होते.

एवढ्या रकमा होत्या. पण त्या मांडणे जड, आणि त्यांतल्या कित्येक आपल्याच नावावर पडतात. त्यापेक्षा एक माणूस धरणे सोपे. काही मंडळींनी तर दोष सदऱ्यावर घातला. पांढरा सदरा अपशकुनी ठरला. १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने स्पर्धा घेऊन आजचा पिवळा सदरा निवडला. तो रेखाटणारा अल्दिर श्ले उरुग्वेच्या सीमेजवळच्या गावचा, आणि मनाने उरुग्वेचाच चाहता निघाला! सदरा बदलणे निरुपद्रवी होते. सदऱ्याला घरी मुलेबाळे नसतात, बाजारात गेल्यावर त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही.

बार्बोझाकडे दाखवीत. बाजारात एका बाईने आपल्या लहान मुलाला सांगितले की, सगळ्या ब्राझीलला रडविणारा तो हाच माणूस; हा प्रसंग त्याने स्वतः सांगितला आहे. खेळणे सुटल्यावर त्याने अनेक वर्षे माराकानावरच नोकरी केली, म्हणजे ज्या खांबाशी ते घडले त्याच्याच आवारात पोट भरले. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाला शुभेच्छा द्यावयास तो गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला खेळाडूंना भेटू दिले नाही. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे त्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला.

आणि खापर फोडून ब्राझीलचे भले झाले काय? १९५८ मध्ये ते जगज्जेते झाले, ते दिदी, पेले, गारिंचा यांना घेऊन. म्हणजे काळ्या रक्तात धैर्य नसते हा जो निष्कर्ष १९५० च्या चर्चेतून काढला होता, तो मैदानावर खोटा ठरला. तरी गोलरक्षकाच्या बाबतीत संशय जाता जाईना. १९६६ मध्ये मांगा एक सामना खेळला. पण विश्वचषकात काळा माणूस ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा उभा राहिला तो थेट २००६ मध्ये, दिदा. मधल्या छप्पन्न वर्षांत किती पोरांना ‘तू गोलात उभा राहू नकोस’ असे सांगितले गेले असेल, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

श्रोतेहो, हरल्यानंतर चर्चा करू नका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जो संघ, जी युनियन, जे गाव आपल्या दुबळ्या बाजू बोलून दाखवीत नाही, ते पुन्हा त्याच वाटेने हरते. पण हिशेब आणि फैसला या दोन गोष्टी निराळ्या. हिशेबात सगळ्यांची नावे येतात, मांडणाऱ्याचेही येते. फैसल्यात एकाचेच येते, आणि ते बहुधा अशाचे, ज्याच्या पाठीशी उभे राहावयास कोणी नसते. आम्हीही गेट-सभांत अशी नावे घेतली आहेत, आणि त्यांतल्या एकदोघांच्या घरी पुढे जाऊन माफी मागावी लागली आहे. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो : चर्चेत एखादे नाव फार लवकर निघाले की विचारावयाचे, ‘बाकीचे दहा जण कोठे होते? आखणी कोणाची होती? आणि आपण स्वतः तेव्हा काय करीत होतो?’ या प्रश्नांनी टपरीवरची मजा जाते खरी. पण पुढच्या सामन्याची तयारी तेथूनच सुरू होते.