धुराड्यातलं पोर आणि पिंजऱ्यातला ड्रोन

१८७५ सालचा फेब्रुवारी. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या फुलबर्नमधल्या मनोरुग्णालयाची धुराडी साफ करायची होती. विल्यम वायर नावाच्या धुराडीवाल्याने त्याच्याकडच्या ११ वर्षांच्या जॉर्ज ब्रूस्टरला आत चढवलं. पोरगं अडकलं. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण थोड्याच वेळात तो गेला. वायरला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला, की पोलिसांच्या परवान्याशिवाय कुणालाही धुराडी साफ करण्याचा धंदा करता येणार नाही. पोरं चढवण्याची प्रथा तिथे संपली.

आता दुसरं साल बघा. १८०३. त्या साली जॉर्ज स्मार्ट नावाच्या माणसाने धुराडं साफ करायचं यंत्र बनवलं होतं. पोकळ नळ्या एकात एक बसवायच्या, त्यातून दोरी ओवायची, टोकाला ब्रश. खाली उभं राहून वर ढकलायचं. बास. मोटर नाही, वाफ नाही. यंत्र चालत होतं, त्याचं कौतुकही झालं. म्हणजे यंत्र आल्यानंतरही ७२ वर्षं पोरं आत चढत होती. मधल्या काळात कायदेही झाले. १८४०च्या कायद्याने तर २१ वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायला बंदी होती. पण तपासायला कुणी नव्हतं आणि पोरगं ब्रशपेक्षा स्वस्त पडत होतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक समजूत पक्की असते: चांगली गोष्ट बनवली की लोक ती वापरणारच. मला ही ७२ वर्षं त्या समजुतीवरचा सगळ्यात चांगला उतारा वाटतात. म्हणूनच बंद टाकीत, बॉयलरमध्ये, जहाजाच्या पोटात माणसाऐवजी ड्रोन पाठवण्याचा इतिहास वाचताना मी तंत्राइतकंच, माणूस आत जायचा कधी थांबला, याकडे बघतो.

आधी टाकी माणसाला मारते कशी, ते समजून घेऊ. स्फोट, आग वगैरे आपल्याला लगेच सुचतं. पण रिकामी, स्वच्छ दिसणारी लोखंडी टाकीही मारू शकते. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन खातं. जहाजाची टाकी बरेच दिवस बंद राहिली की आतल्या भिंती निवांतपणे श्वास घेत असतात, आणि तुमच्या वाट्याला काही उरत नाही. वास नाही, रंग नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो वायू आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणसाला हायसं वाटतं, तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो.

आणि मग दुसरा माणूस उतरतो. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता, की बंद जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. आत पडलेला आपला भाऊ असतो, गाववाला असतो, रोज डबा वाटून खाणारा जोडीदार असतो. त्या क्षणी कोण मीटर शोधत बसेल?

आपल्याकडे १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ याच जागांबद्दल होतं. त्याची भाषा एकदा वाचून बघाच. आत धोकादायक वायू असण्याची शक्यता असेल, तर पुरेसं मोठं मॅनहोल हवं. मग जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र लावायचं आणि कमरेच्या पट्ट्याला दोरी बांधायची, जिचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. कायदा वाईट नव्हता. नीट पाळला तर माणूस वाचायचा. फक्त त्याने गृहीत धरलं होतं, की माणूस आत जाणार.

माणसाच्या आधी दुसरं काहीतरी पाठवायची कल्पना जुनीच आहे. १८९६मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने मृतदेह तपासले आणि सांगितलं, की बहुतेक जण स्फोटाने नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने गेलेत. त्यानेच खाणीत छोटे प्राणी नेण्याचा सल्ला दिला. कॅनरी पक्ष्याला विष माणसाच्या आधी चढतं. ब्रिटनच्या खाणींनी हे पक्षी १९८६मध्ये निवृत्त करायला घेतले. पण कॅनरी माणसाच्या ऐवजी जात नव्हती. ती माणसाच्या हातातल्या पिंजऱ्यात बसून त्याच्यासोबत जात होती.

ड्रोनच्या बाबतीत पिंजरा उलटा झाला.

साधा ड्रोन टाकीत सोडला तर काही सेकंदांत आपटतो. आत जीपीएस पोहोचत नाही. चहूबाजूंनी लोखंड असल्याने होकायंत्र गोंधळतं. अंधार असतो, आणि पंख्यांच्या वाऱ्याने उडालेली धूळ कॅमेऱ्यासमोर येते. सगळे जण ड्रोनला भिंती टाळायला शिकवत होते. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या ईपीएफएल संस्थेत एड्रियन ब्रिओ आणि सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. माशी खिडकीच्या काचेवर आपटते, सावरते, पुन्हा उडते. ती टक्कर टाळत नाही, पचवते. त्यांनी ड्रोनभोवती कार्बन फायबरचा गोल पिंजरा बसवला, तोही असा की पिंजरा गरगर फिरला तरी आतलं यंत्र सरळ राहील. नाव ठेवलं जिमबॉल. ब्रिओ आणि पॅट्रिक थेवो यांनी २०१४मध्ये फ्लायअ‍ॅबिलिटी ही कंपनी काढली आणि २०१५मध्ये दुबईच्या स्पर्धेत १० लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं. २०१६मध्ये त्यांचा एलिओस बाजारात आला, व्यास ४० सेंटिमीटरच्या आत. २०२२च्या एलिओस ३मध्ये लायडार बसला, म्हणजे उडता उडता टाकीचा त्रिमितीय नकाशा तयार होऊ लागला. इंजिनियर म्हणून मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते पहिलंच पाऊल: अडचण सुटत नसेल तर ती सोसायची सोय करा.

मग हे यंत्र सगळ्यात आधी कुठे पोहोचायला हवं? जिथे माणूस जाऊच शकत नाही तिथे. फुकुशिमात २०११च्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत टी-हॉक ड्रोन अणुभट्ट्यांच्या बाहेरून फोटो काढत होता. जूनमध्ये तो दुसऱ्या भट्टीच्या छपरावर पडला. ऑक्टोबरमध्ये क्विन्स नावाचा रोबो केबल तुटल्यामुळे आतच राहिला. तरी माणसं थांबली नाहीत, एकामागून एक यंत्र पाठवत राहिली. फेब्रुवारी २०२४मध्ये फक्त १८५ ग्रॅमचे ड्रोन पहिल्या भट्टीच्या बंदिस्त पात्रात उडाले आणि आतली चित्रं घेऊन आले. तेरा वर्षं चिकाटीने पैसा ओतला गेला, कारण तिथे स्वस्त पोरगं हा पर्यायच नव्हता.

साध्या कारखान्यात गणित वेगळं असतं. तिथे ड्रोन विकला जातो तो बहुतेकदा परांचीच्या जोरावर. मोठ्या बॉयलरच्या आत परांची बांधायला, उतरवायला दिवस जातात आणि तोवर कारखाना बंद. ड्रोन ते दिवस वाचवतो. जीव वाचतो तो सोबत. यात मला काही पाप दिसत नाही, हिशोब कुठल्याही बाजूने जुळला तरी चांगलंच. पण परांचीची गरज नसलेल्या, दोन माणसं उतरली की काम होणाऱ्या छोट्या टाकीसाठी कुणी ड्रोन आणत नाही. माणसं मात्र तिथेही मरतात.

शिवाय ड्रोन बघतो. आता अल्ट्रासॉनिक प्रोब टेकवून पत्र्याची जाडीही मोजतो. गाळ काढत नाही. तळाशी साचलेलं खरवडायला हातच लागतो, आणि तो हात कुणाचा, हे आपल्या देशात आपल्याला जातीसकट माहीत आहे. गटारं आणि सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३मध्ये ती ३० लाख केली. मला हा आकडा तंत्रज्ञानाच्या इतिहासातला आकडा वाटतो. माणूस महाग झाला की यंत्र स्वस्त दिसायला लागतं. अर्थात भरपाई खरोखर दिली गेली, तरच.

१८४०च्या त्या कायद्यात आणखी एक तरतूद होती, जी फारशी कुणाला आठवत नाही. नवी धुराडी बांधताना माप ठरावीक हवं, वळणं फार तीव्र नकोत, असलीच तर तिथे साफ करायला दार ठेवा. यंत्र वळणात अडकतं, ही यंत्राविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार होती. म्हणून त्यांनी धुराडंच यंत्राला सोयीचं बांधायला सांगितलं. आपल्या कारखान्यांतल्या टाक्यांची मॅनहोलं अजून माणसाचे खांदे आत जातील याच हिशोबाने कापली जातात.